वाळवणाची वही: गच्ची, चीक आणि वजनकाटा

२२ फेब्रुवारी

यंदाची आमच्या गटाची कामं ठरली: गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड, बटाट्याचा कीस, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या, सांडगी मिरची. शेवया घेतलेल्या नाहीत. गावात शेवयांचं मशीन आहे, लोक रवा-मैदा घेऊन थेट तिथेच जातात. तेच काम गटाने करायचं कारण नाही.

घरच्या वाळवणात अंदाज चालतो. पीठ कधी सैल झालं तर हाताला कळतं, मीठ कमी पडलं तर घरचे खाऊन घेतात. इथे अकरा जणींचे हात आणि पंचवीस घरांची मागणी आहे. एकीची मूठ दुसरीच्या मुठीएवढी नसते. म्हणून यंदा प्रत्येक जिन्नस काट्यावर, पाणी मापाने, आणि या वहीत नोंद. दोन काटे लागतील: धान्यासाठी ३० किलोचा, आणि मीठ, पापडखार, हिंगासाठी ग्रॅमचा छोटा.

गावातून घ्यायच्या गोष्टी: मंडपवाल्याकडून दोन मोठी पातेली, उलथनं आणि शेगडी, बुरुडाकडून बारा सुपं, गिरणीत उडदासाठी सकाळची पहिली वेळ. सोऱ्यांच्या दोन ताटल्यांची भोकं झिजून वाकडी झाली आहेत, त्या नव्या करून घ्यायच्या. झिजलेल्या भोकातून तार एकीकडे जाड, एकीकडे बारीक पडते. बारीक तार तळताना करपते, तोवर जाड कच्चीच असते.

१ मार्च

गहू आला: लोकवन, १५ किलो. निवडताना फुटका आणि किडका दाणा वेगळा काढला. फुटका दाणा भिजताना लवकर आंबतो आणि सगळ्या पातेल्याला वास लावतो. गहू नुसता पाखडून भागत नाही, चाळणीने चाळून मगच निवडायचा.

गच्ची धुतली. रस्त्याच्या बाजूला हिरवी जाळी लावली, कारण दुपारी ट्रॅक्टर जातात आणि धूळ थेट वर येते. पंधरा किलो गव्हाच्या कुरडयांना सुमारे दीडशे चौरस फूट जागा लागते. त्यात चालायला वाट धरलेली नाही, तेव्हा दोनशे धरावी.

५ ते ७ मार्च

५ तारखेला सकाळी गहू भिजत घातला. पाणी गव्हाच्या वर चार बोटं. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदललं. एकदाच बदललं तर मार्चच्या उन्हात दुसऱ्याच रात्री फेस येतो.

भिजला की नाही हे दिवस मोजून ठरवू नये. दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर यावं आणि हातात नुसतं साल राहावं. थंडी असेल तर त्याला चार दिवस लागतात, कडक उन्हाळ्यात अडीच दिवसांतही होतं. त्यापुढे ठेवला तर चीक, म्हणजे वाटून गाळलेलं हे दूध, करडा पडतो, आंबूस होतो, आणि कुरडई वाळल्यावर हात लावला की मोडते. आपला गहू ७ तारखेच्या संध्याकाळी तयार झाला, पण वाटायला रात्र नको म्हणून पाणी बदलून पातेलं खोलीतल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवलं.

८ मार्च

सकाळी सहाला वाटण सुरू. भरपूर पाणी घालून वाटायचं. घट्ट वाटलं तर यंत्र तापतं आणि चीक तिथेच चिकट होतो. वाटलेलं आधी चाळणीतून, मग मलमलच्या फडक्यातून गाळलं. चोथा पुन्हा पाण्यात कालवून पिळायचा, असं तीनदा. तिसऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी चीक येतो, तो सोडला तर वजनात मार बसतो. उरलेला चोथा शेजारच्या गोठ्यात दिला. दोघींनी थोडा घरी नेला, लसूण-मिरची घालून त्याच्या वड्या घालतात.

चीक दुपारी बाराला निवळत ठेवला. मध्ये हलवायचा नाही. संध्याकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओतलं, नवं पाणी घातलं, ढवळलं आणि रात्रभर परत ठेवला. ही दुसरी निवळ टाळू नये. आंबट वास आणि पिवळेपणा तिच्यातच जातो.

९ मार्च

पहाटे साडेचारला पाणी ओतून काढलं. तळाशी पांढरा घट्ट चीक आणि त्यावर तपकिरी, बुळबुळीत पातळ थर. तो थर हाताने पुसून काढला. तो राहिला तर कुरडई तळल्यावर पांढरी न होता पिवळट होते. चीक भरला १२ लिटर.

प्रमाण: चीक जितका तितकंच पाणी, दोन्ही एकाच भांड्याने मोजलेलं. दर ४ लिटर चिकाला ४० ग्रॅम मीठ, दोन चमचे तेल आणि अर्धा चमचा हिंग. मीठ शिजताना चाखून बघितलं तर कमी वाटतं, तरी वाढवायचं नाही. कुरडई वाळल्यावर वजन तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली येतं, आणि मीठ मात्र सगळं आतच राहतं.

एका घाण्याला ४ लिटरपेक्षा जास्त चीक घेतला नाही. तीन घाणे केले. जास्त शिजवला तर पाडेपर्यंत गार होतो. गार चीक सोऱ्यातून उतरत नाही, उतरला तर तार तुटते, आणि दाबणारीचे खांदे भरून येतात. चार सोरे एका वेळी चालवले. शिजलेल्या चिकाचं पातेलं गरम पाण्याच्या परातीत ठेवून वर ओलं फडकं घातलं.

शिजवण्याची रीत: पाण्याला खळखळून उकळी, मग मीठ, हिंग, तेल. आच मध्यम करून एकीने चीक धारेने ओतायचा, दुसरीने ढवळायचं. ओतण्याआधी चीक तळापासून नीट कालवायला हवा, कारण दहा मिनिटं नुसता ठेवला तरी तो खाली बसतो. गुठळी झाली तर ती आतून कच्ची राहते आणि सोऱ्याचं भोक बंद करते. घट्ट झाल्यावर झाकण घालून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं वाफ, मध्ये दोनदा खालून वर. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली आणि ओलं बोट लावल्यावर चिकटलं नाही की झालं.

पहिला घाणा आठ मिनिटांतच उतरवला होता. त्या कुरडया दुपारपर्यंत कडेने पिठासारख्या पांढऱ्या पडल्या. कच्च्या चिकाची ती खूण. त्या वेगळ्या ठेवल्या.

साडेआठला सगळ्या पाडून झाल्या, सुमारे सहाशे. खाली जाड, पारदर्शक, खाण्याच्या पदार्थांसाठीचा प्लास्टिक कागद. सुती कापडाला कुरडई चिकटते आणि सोडवताना तळ तिथेच राहतो. पहिल्या दिवशी दुपारी हात लावायचा नाही. संध्याकाळी पाचला कड सुटली की उलटायची. उशीर केला तर कागदाखालची बाजू घामेजते.

१२ मार्च

वाळली की नाही यावर दरवर्षी वाद होतो. यंदा ५० कुरडया एका सुपात वेगळ्या ठेवून तेच सूप रोज तोललं. ओल्या २ किलो. पहिल्या संध्याकाळी ९८० ग्रॅम, दुसऱ्या संध्याकाळी ६६०, तिसऱ्या संध्याकाळी ६०५, आज दुपारी ६००. एका दिवसाच्या उन्हात पाच ग्रॅमच कमी झाले म्हणजे काढण्यासारखं पाणी उरलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच हाताला कडक लागत होत्या, वरच्या तारा ताडकन मोडत होत्या, पण मधल्या गुंत्यात ओल होती. त्या वेळी डब्यात भरल्या असत्या तर पावसाळ्यात बुरशी नक्की होती.

एकूण ७ किलो १०० ग्रॅम. त्यातल्या पहिल्या घाण्याच्या कुरडया तळल्यावर अर्ध्याच फुलल्या, म्हणून मागणीत धरल्या नाहीत. तुकडे फोडणीच्या भाजीत चालतात. त्यासाठी गटातल्या घरांत वाटल्या.

१६ मार्च

बटाटा. तळेगावचा लांबट, ४० किलो, नुकताच काढलेला पण साल घट्ट झालेला. अंगठ्याने घासल्यावर साल सुटत असेल तर तो कोवळा. त्यात पाणी जास्त, कीस बसतो आणि वजन भरत नाही.

सोलून थेट पाण्यात किसला. किसणी मोठ्या भोकांची, बटाटा लांबीच्या बाजूने धरून, म्हणजे तार लांब येते. तीन पाणी धुतला, शेवटचं पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवून काढून घेतला, मग कीस तीन मिनिटं. दाताखाली कच्चट कुरकुर थोडी राहायला हवी. पाच मिनिटं ठेवला की लगदा होतो. निथळून लगेच पसरायचा, ढीग करून ठेवला की आतल्या वाफेने शिजतच राहतो.

दोन दिवसांत ७ किलो ३०० ग्रॅम. १० किलोतून पावणेदोन ते दोन किलो हे प्रमाण बरोबर धरलं होतं.

२४ मार्च

उडीद पापड. उडीद डाळ ७ किलो ५००, मूग डाळ २ किलो ५००. नुसत्या उडदाचा पापड जास्त चिवट होतो आणि लाटायला जोर लागतो, मुगाने हलका होतो. डाळ धुतली नाही, ओल्या फडक्याने पुसून ऊन दाखवलं.

गिरणीत पहिली वेळ घेण्याचं कारण: आधी मिरची किंवा हळद दळलेली असेल तर पापड लालसर येतो, आणि ज्वारी-गव्हाचं पीठ मिसळलं तर उडदाचा चिकटपणा मोडतो. तरीही पहिलं अर्धा किलो पीठ वेगळं काढलं. गिरणीवाल्याने जातं उघडून झाडून दिलं, पुढच्या वेळीही हेच सांगायचं. पीठ गरम असताना डब्यात बंद केलं नाही.

एक किलो पिठाला: मीठ ६० ग्रॅम, पापडखार ३० ग्रॅम, जाडसर कुटलेली मिरी २० ग्रॅम, हिंग १० ग्रॅम, पाणी ४०० मिलिलिटर. मीठ आणि खार पाण्यात घालून उकळायचं, पूर्ण गार करायचं, फडक्यातून गाळायचं. खाराच्या तळाला माती बसते, ती पिठात गेली तर दाताखाली येते. खार जास्त झाला तर पापड भाजताना लाल पडतो आणि जिभेला कडवट लागतो. कमी झाला तर फुलत नाही. सगळं पाणी एकदम ओतू नये, शेवटचे ५० मिलिलिटर हात बघून.

मळून तीन तास झाकून ठेवलं. मग तेलाचा हात लावून पाट्यावर वरवंट्याने कुटलं. गोळा ओढला की न तुटता लांबला पाहिजे आणि रंग फिकट झाला पाहिजे. कुटण्यात आळस झाला तर लाटताना कडा फाटतात. हे एकट्या-दुकट्याचं काम नाही, दर दहा मिनिटांनी हात बदलावे लागतात. दोरी धरून लाट्या कापल्या, प्रत्येकी १२ ग्रॅम.

२५ मार्च

कुटलेलं पीठ घरी देण्याची पद्धत सुरू केली. १९५९ साली गिरगावात सुरू झालेल्या लिज्जतचं काम याच रीतीवर वाढलं: मळलेलं पीठ केंद्रातून न्यायचं, घरी लाटायचं, पापड परत आणून द्यायचे. ज्यांना दिवसभर समाजमंदिरात बसता येत नाही त्यांनाही काम मिळतं.

हिशेब सोपा ठेवला: जाताना पीठ तोलून, येताना पापड तोलून. एक किलो कुटलेल्या पिठाचे नीट वाळलेले पापड ७८० ते ८०० ग्रॅम भरतात. एका घरून ८६० ग्रॅम आले. पापड दिसायला चांगले, पण दोन बोटांत वाकवल्यावर मोडत नव्हते. ओल राहिली होती. परत सावलीत पसरले, दुसऱ्या दिवशी ७९० भरले. वजन जास्त आलं म्हणून शाबासकी देण्याची चूक इथेच होते. कमी आलं तर मात्र विचारावं: फाटलेले पापड परत मळले गेलेत का.

पापड उन्हात टाकायचे नाहीत. घरात किंवा मांडवाखाली कापडावर, वारा लागेल असे. थेट उन्हात कडा आधी आकसतात, मधला भाग मागे राहतो, पापड द्रोणासारखा वळतो आणि डब्यात रचताना तुटतो. अर्धवट वाळले की एकावर एक रचून वर जड पाट ठेवायचा, तासाभराने पुन्हा पसरायचे, म्हणजे सपाट राहतात. शेवटी सकाळचं कोवळं ऊन पंधरा मिनिटं.

६ एप्रिल

साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या. साबुदाणा २ किलो, बटाटा ४ किलो, जिरं ४० ग्रॅम, हिरव्या मिरचीचं वाटण १०० ग्रॅम, सैंधव ६० ग्रॅम. साबुदाणा रात्री बुडेल इतक्याच पाण्यात भिजवला, सकाळी पाणी घालून शिजवला, दाणा काचेसारखा होईपर्यंत. बटाटा उकडून गरम असतानाच किसला. गार झालेल्याच्या गुठळ्या सोऱ्यात अडकतात.

उपवासाचा पदार्थ म्हणून भांडी, सोरे, कागद सगळं वेगळं. हिंग नाही. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, ते उपवासाला चालत नाही. ज्यांनी मागणी दिली त्यांनी हे विचारलंच होतं, आणि विचारलं नसतं तरी पाळायचं.

१४ एप्रिल

सांडगी मिरची. जाड सालीची, कमी तिखट, ५ किलो. धुऊन देठासकट पूर्ण कोरडी केली, मग एका बाजूने चीर. एक किलोला भरण: भाजून भरडलेले धणे १५० ग्रॅम, मेथी २५ ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम, हळद एक चमचा, हिंग अर्धा चमचा. दही अर्धा किलो, आंबट. रात्रभर दह्यात, दिवसा उन्हात, संध्याकाळी परत उरलेल्या दह्यात, दही संपेपर्यंत. स्टीलची किंवा काचेची भांडीच वापरली. अ‍ॅल्युमिनियम आणि पितळेला दही लागतं. मेथी भाजताना लालीच्या पुढे गेली की सगळी मिरची कडू.

दुपारी तीनला पश्चिमेकडून ढग. गच्चीवर मिरचीबरोबर कुरडयांची दुसरी खेप होती, कालच पाडलेली. वळवाच्या आधी वारा येतो आणि त्याच्याबरोबर धूळ, म्हणून थेंबांची वाट बघायची नसते. कागद चारी कोपऱ्यांनी उचलून आत नेले, पंधरा मिनिटांत गच्ची रिकामी.

१५ एप्रिल

काल आत आणलेल्या कुरडया सुटसुटीत करून सुपांत आणि बाजांवर पसरल्या, पंखा रात्रभर चालू. ज्या दोन कागदांवर घाईत एकावर एक पडल्या त्यांतल्या चाळीसेक सकाळी बुळबुळीत लागल्या आणि वास आला. टाकून दिल्या. अशा कुरडया पुन्हा उन्हात घालून वाचवू नयेत. वाळून कडक होतात, पण तळल्यावर आंबूसपणा परत येतो. बाकीच्यांना सकाळी ऊन मिळालं आणि त्या वाचल्या.

पुढच्या कामासाठी: एप्रिलच्या मध्यानंतर गच्चीवर एका दिवशी एकच ओला पदार्थ. उचलायला चार माणसं हजर असतील तेवढाच पसारा.

२३ एप्रिल

कीसाची मागणी वाढली म्हणून २० किलो बटाटा पुन्हा घेतला. वाळून दिसायला आधीच्याइतकाच पांढरा, पण तळून बघितला तर लालकाळा आणि चव गोडसर. बटाटा शीतगृहातला होता. थंडीत बटाट्यातल्या पिठाची साखर होते आणि ती तेलात करपते. धुऊन, तुरटी लावून हे जात नाही. यापुढे बटाटा घेताना चार फोडी आधी तळून बघायच्या, मगच पोतं उचलायचं. हा कीस विकायचा नाही असं ठरलं. खिचडीत, थालीपिठात भिजवून वापरता येतो.

२ मे

भरणी. वाळवण उन्हातून थेट पिशवीत घातलं तर आत घाम सुटतो. घरात आणून दोन तास गार होऊ दिलं. कुरडया आणि चकल्या अर्धा किलोच्या, पापड पाव किलोचे. पिशवी जाड, शिवण दोनदा दाबलेली. लेबलवर: पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत उत्तम, किंमत, गटाचा पत्ता, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्न नोंदणीचा १४ अंकी क्रमांक. निव्वळ वजन म्हणजे पिशवी सोडून. पिशवी रिकामी तोलून काटा शून्यावर आणायचा, मग भरायचं.

भाव काढताना जिन्नस, दळण, गॅस, भाड्याची भांडी, पिशवी-लेबल, मजुरी हे सगळं धरून त्यावर मोडतोडीचे दहा टक्के. मोडतोड न धरल्यामुळे नफा दिसतो आणि हातात येत नाही. तुकडे वेगळ्या पिशवीत, कमी भावाने. चांगल्या मालात मिसळायचे नाहीत.

१९ मे

पंधरा दिवसांनी साठ्यातली प्रत्येक पदार्थाची एक पिशवी उघडली. कुरडई कडक, वास नाही. पापडाच्या एका पिशवीत पापड एकमेकांना किंचित चिकटलेले. त्या तारखेला परत आलेले पापड वहीत बघितले: ८२० ग्रॅम, आणि घाईत पुढे घेतलेले. त्या खेपेच्या उरलेल्या सहा पिशव्या फोडून पापड सावलीत वाळवले, पुन्हा तोलून भरले. दोन पिशव्या गेल्या होत्या, त्या घरी जाऊन बदलून दिल्या. ८०० च्या वर आलेलं घ्यायचं नाही, अपवाद नाही.

३० मे

मागणी पूर्ण. मृग लागायच्या आत गच्ची आवरली. कागद साबणाने धुऊन सावलीत वाळवले आणि गुंडाळले. घडी घातली तर घडीवर चिरतात. सोऱ्यांच्या ताटल्या सुईने भोकं मोकळी करून, कोरड्या करून, तेलाचा हात लावून कागदात बांधल्या. पितळी सोरे चिंचेने घासले. सुपं कडुलिंबाचा पाला घालून वर टांगली. पातेली आणि शेगडी मंडपवाल्याला परत दिली, एका उलथन्याचा दांडा सैल झाला होता तो बसवून दिला. ग्रॅमच्या काट्याचे सेल काढून ठेवले आहेत, काटा गिरणीजवळच्या घरी, वरच्या फळीवर.